चार वेळा आलेली ओळ

एका माणसाने मला कविता दिली होती. मी तिच्या ओळी जोडून तिचं गद्य केलं, आणि त्याने विचारलं तेव्हा दोष कॉम्प्युटरवर ढकलला. मग त्याच्या मुलीने विचारलं, तिच्याशीही खोटं बोललो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे लिहिताना मी स्वतःला सांभाळून घ्यायला लागेन अशी मला भीती वाटते. संपादनाची सवय लागलेला माणूस स्वतःच्या चुकीवरूनही हात फिरवतो.

टेक्सासमधल्या प्लेनोला येऊन मला एकोणीस वर्षं झाली. दिवसा कंपनीच्या कॅम्पसमध्ये इतरांनी लिहिलेला कोड तपासायचा, आणि ऑगस्ट लागला की संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम करायचं, असं सात वर्षं चाललं होतं. अंक चौसष्ट पानांचा. मजकूर सगळा घरचाच. कुणाचं अलास्काच्या क्रूझचं प्रवासवर्णन, कुणाच्या मुलीने रोमन लिपीत लिहून पाठवलेला आजीवरचा लेख, एअर फ्रायरमधली चकली, आणि कविता. कविता फार यायच्या.

माझे वडील पुण्यात शाळेत मराठी शिकवायचे. घरी लग्नपत्रिका आली तरी ते आधी लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे, मग कुणाचं लग्न आहे ते बघायचे. ते लाल पेन माझ्या हातात कधी आलं ते मला कळलं नाही. कमिटीच्या मीटिंगमध्ये यमक नसलेली कविता आली की माझं एक ठरलेलं वाक्य होतं : "एंटर मारला म्हणून कविता होत नाही, यार." लोक हसायचे. मलाही ते वाक्य फार आवडायचं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात सत्तरी ओलांडलेले एक काका उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पायात मुलीने घेऊन दिलेले नवे स्नीकर्स. आमच्यापासून दोन स्ट्रीट पलीकडे राहणाऱ्या एका बाईंचे ते वडील. सहा महिन्यांसाठी नागपूरहून आले होते. मुलगी इथे एका बँकेत डेटाचं काम करते. त्यांचं घर बौद्ध. मंडळाच्या गणपतीला ती येत नसे, पण आदल्या वर्षी दिवाळी अंकाच्या प्रकाशनाला आली होती आणि माझ्याकडून दोन प्रती घेऊन गेली होती. त्यातली एक तिने नागपूरला वडिलांना पाठवली असं काकांकडूनच कळलं.

बायकोने विचारलं, "काका, चहा ठेवू ना?"

"नाही ताई, चहा सोडला मी. पाणी चालते."

पाणी पिऊन त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. वहीचं रेघांचं एकच पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. अक्षर मोठं, आणि इतकं सरळ, की पट्टी ठेवून काढलंय असं वाटावं.

"कविता आहे. म्हणजे मले तरी वाटते. पयलीच."

"पहिलीच? या वयात?" मी गमतीने म्हटलं.

"छापलेल्या शेकड्यानं हायेत. लिहिलेली पयली."

चौतीस वर्षं त्यांनी नागपूरच्या एका छापखान्यात कंपोझिटर म्हणून काम केलं होतं. दुसऱ्यांचं लिखाण शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून जुळवायचं, उलट्या अक्षरांत वाचायचं. हे सांगताना त्यांची दोन बोटं हवेत खिळा धरल्यासारखी जुळली.

"एक विनंती आहे, भाऊ. लाइनी जशा आहेत तशाच ठेवजा."

"काळजीच करू नका, काका."

"आणि पोरीले अगोदर सांगू नका. अंक आला का तिची प्रत मीच तिच्या हातात देईन. तिनं वाचावं आणि मी बाजूले बसलेला असावा, असं आहे."

"सरप्राइज का काका?" बायको हसून म्हणाली.

"तसंच समजा," ते म्हणाले. ते मात्र हसले नाहीत.

ती कविता ही होती. शीर्षक होतं 'चहा'.

डॉक्टर म्हणे आता बरं आहे
मी चहा प्याले गेलो

खाट नंबर अकरा
खिडकीपाशी
तिचे पाय चादरीभायेर
मी चहा प्याले गेलो

ती म्हणे जा
सकाळपासून उभे आहा
मी चहा प्याले गेलो

कपात अर्धा चहा
अर्धा अजून आहे
मी चहा प्याले गेलो

मी ती वाचली आणि खरं सांगतो, मला काही झालं नाही. 'प्याले' या शब्दापाशी मी थांबलो, कारण माझ्या मराठीत प्याले म्हणजे पेले. मग लक्षात आलं, प्यायला. चूक सापडल्याचं बारीकसं समाधान झालं. तेवढंच.

अंक छापायला जायच्या आधीच्या शनिवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. पिनांनी शिवलेल्या अंकाची पानं चाराच्या पटीत असावी लागतात. कवितांची पानं भरली होती. एक पूर्ण पान मंडळातल्या एका डॉक्टरांच्या कवितेला दिलं होतं. तिच्यात 'मायदेश' आणि 'परदेश' यांचं यमक होतं आणि खाली मी पणतीचं चित्र टाकलं होतं. 'आठवणी' या विभागात मात्र पाव पान रिकामं राहत होतं. काकांच्या कवितेला उभी जागा बरीच लागत होती, शब्द थोडे. मी मनात म्हटलं, हे गद्यच आहे, एंटर मारलेलं. आणि एकेका ओळीच्या टोकाशी कर्सर नेऊन मी ते एंटर काढत गेलो.

एकदा गद्य करायचं म्हटल्यावर बाकीचं आपोआप झालं. एकच वाक्य चार वेळा कशाला? तीनदा काढलं. 'अर्धा अजून आहे' याला काही अर्थ लागत नव्हता. तेव्हाचा चहा अजून कसा असेल? 'शिल्लक असतानाच' केलं. त्यांची पत्नी सहा वर्षांपूर्वी वारल्याचं मला ऐकून माहीत होतं. कवितेत ते कुठेच म्हटलेलं नव्हतं, पण वाचकाला शेवट कळायला हवा, म्हणून तेही घातलं. शीर्षक केलं 'एका चहाची आठवण'. छापलं गेलं ते असं :

'डॉक्टरांनी आता बरे असल्याचे सांगितले. खाट क्रमांक अकरा खिडकीपाशी होती. पत्नीचे पाय चादरीबाहेर आले होते. ती म्हणाली, "जा, सकाळपासून उभे आहात." म्हणून मी चहा प्यायला गेलो. कपात अर्धा चहा शिल्लक असतानाच ती गेल्याचा निरोप आला.'

शुद्धलेखनाची एकही चूक नाही. पाव पान नीट भरलं. मी लॅपटॉप मिटला आणि कॉस्टकोला सामान आणायला गेलो.

प्रकाशन एका शाळेच्या कॅफेटेरियात होतं, दुपारी. बटाटेवड्यांच्या ट्रे आणि खुर्च्यांच्या आवाजात मी टेबलामागे उभा राहून प्रती देत होतो. काका मुलीला घेऊन आले. त्यांनी माझ्याकडून प्रत घेतली, ती उघडून बघितली नाही, दोन्ही हातांनी मुलीला दिली. मग दोघं भिंतीजवळच्या बाकावर बसले. मला आठवतंय, काकांनी तळवे गुडघ्यांवर ठेवले होते, तपासणीच्या खोलीत बसतो तसे.

काका काहीतरी म्हणाले आणि मुलीने कवितांची पानं चाळली. तिथे वडिलांचं काही नव्हतं. मग अनुक्रमणिका बघितली आणि पुन्हा पानं उलटली. वाचायला तिला अर्धं मिनिटही लागलं नसेल. तिने मान वर करून वडिलांकडे बघितलं आणि ती काहीतरी बोलली. मधे इतका गोंगाट होता की मला शब्द ऐकू आले नाहीत. पण काकांचे तळवे गुडघ्यांवरून उचलले गेले ते मला दिसलं. ती उठली, पर्स घेतली आणि पार्किंगच्या दाराने बाहेर गेली. प्रत बाकावरच राहिली.

काकांनी ती उचलली आणि उभ्यानेच वाचली. बोट ओळीखालून फिरवत, प्रूफ तपासावं तशी. मग ते टेबलापाशी आले. माझ्यापुढे तीन-चार माणसं होती. त्यांनी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं.

"भाऊ, लाइनी कुठं गेल्या?"

त्या क्षणी मी काय बोलणार आहे ते मलाही माहीत नव्हतं. तोंड आपसूक उघडलं. "अरे हो काका, सॉरी हं. फॉन्ट कन्व्हर्ट करताना लाइनी जोडल्या गेल्या. युनिकोडचं हे नेहमीचं झंझट आहे."

"आणि बाकीचं?"

"ते पण... कन्व्हर्जनमध्येच."

ते माझ्याकडे बघत राहिले. चौतीस वर्षं शाई लागलेल्या माणसाला मी हे सांगत होतो. "असं," ते म्हणाले, आणि अंक बगलेत धरून मुलीच्या मागे पार्किंगकडे गेले. वडा खाल्ला नाही त्यांनी. मागे उभ्या असलेल्या एका मित्राने विचारलं, "काय रे, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, फॉरमॅटिंग."

मंगळवारी सकाळी मी ऑफिसला जात होतो. टोलवेवर गाड्या अडकल्या होत्या. गाडीच्या स्पीकरवर तिचा फोन आला.

"दादा, दोन मिनिटं आहेत? एक विचारायचं होतं. बाबांनी असंच लिहिलं होतं का? आय मीन, शब्द त्यांचेच आहेत?"

पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले होते. माझ्याकडे वेळ होता, खरं सांगायची वाटही मोकळी होती. "नाही, ते मी बदललं" एवढंच म्हणायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "साधारण असंच होतं."

"साधारण?"

"म्हणजे थोडं व्याकरण वगैरे."

"ओके."  मग मी न विचारता ती सांगू लागली. "आई गेली तेव्हा माझं व्हिसाचं एक्स्टेन्शन पेंडिंग होतं. लॉयर म्हणाला, आत्ता बाहेर पडू नका. मी इथेच राहिले. बाबा फोनवर म्हणाले होते की शेवटपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता. सहा वर्षं मी तेवढ्यावर... आणि त्यांनी हे असं छापून दिलं माझ्या हातात. न्यूजसारखं." मग म्हणाली, "ओके दादा. थँक्स."

फोन बंद झाल्यावर गाड्या हलल्या आणि मागच्याने हॉर्न दिला तेव्हा मला कळलं की मी पुढे गेलेलो नाही.

काकांचं तिकीट नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रविवारचं होतं. मधे तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत मी काय केलं? रस्ता बदलला. काका रोज सकाळी आमच्या कॉलनीतल्या तळ्याभोवती चालायचे, आधी मुलीबरोबर, आता एकटेच. पांढरा शर्ट लांबून दिसला की मी अलीकडच्या स्टॉप साइनला उजवीकडे वळायचो. आठ मिनिटं जास्त लागायची.

बायकोला किराणा दुकानात काकांच्या मुलीची शेजारीण भेटली. घरी येऊन बायको म्हणाली, "त्या दोघांत बोलणं नाहीये. ती ताट वाढून टेबलावर ठेवते आणि वर जाऊन लॅपटॉप उघडते. काका एकटे जेवतात." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तू काही केलंयस का?"

"मी काय करणार?"

"तसा चेहरा आहे तुझा, म्हणून विचारलं."

खरं तर सगळं माझ्याच ड्रॉवरमध्ये होतं. ते रेघांचं पान मी परत दिलं नव्हतं. ते नेऊन दिलं असतं तर पाच मिनिटांत सगळं उघड झालं असतं, आणि म्हणूनच मी ते नेत नव्हतो. सात वर्षं संपादक म्हणून मिळवलेली शहाणपणाची जागा त्या पाच मिनिटांत गेली असती. हे इतकं क्षुद्र कारण होतं. दुसरं कारण मला फार उशिरा दिसलं आणि ते लिहिताना आजही अवघड वाटतं. डॉक्टरांच्या कवितेत 'हृदय' दोन ठिकाणी चुकलं होतं, तरी मी त्यांना फोन करून विचारलं होतं, "बदलू का?" काकांना विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. त्यांच्या मराठीत 'मले' होतं, 'प्याले' होतं. ते मी भाषा म्हणून वाचलंच नाही, चुका म्हणून वाचलं. आणि चुकांतून कविता होऊ शकते हे मला मान्य नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात पत्र घ्यायला तळ्याकाठच्या मेलबॉक्सपाशी गाडीतून उतरलो तर बाजूच्या बाकावर काका बसलेले. आता वळायला स्टॉप साइन नव्हती.

"या भाऊ, बसा. दिसत नाही आजकाल."

बसलो. तळ्यावर कॅनडा गीज, रानबदकांसारखे मोठे पक्षी, ओरडत होते. काका माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"मशीन लाइन खाते, मले मालूम आहे. आमचीबी खायची. पण चारदा आलेली लाइन मशीन तीनदा खाऊन एकदा ठेवत नाही. ते माणसाचं काम आहे." मग म्हणाले, "आणि 'निरोप आला' हे मशीनले सुचते का, भाऊ?"

 मी "काका" एवढंच म्हटलं.

"बसा, बसा. मी भांडून नाही राहिलो. मी तिले फोनवर खोटं बोललो होतो. पोरगी इतक्या लांब, येऊ शकत नव्हती. म्हटलं निदान एवढं तरी बरं वाटू द्यावं. मंग सहा वर्षं ते खोटं माझ्या छातीवर. इथं आलो तवा ठरवूनच आलो का आता सांगायचं. पण समोर बसलो का गळा धरे. म्हणून लाइनी तोडून लिहिलं. त्यात कुठं लिहिलं का ती गेली? मी चहा प्याले गेलो, एवढंच लिहिलं. चारदा लिहिलं. तिनं वाचावं, थांबावं, आणि मले विचारावं, बाबा, मंग? मी बाजूलेच होतो ना. सांगितलं असतं."

एक पक्षी रस्त्यावर आला होता आणि एक गाडी त्याच्यासाठी थांबली होती.

"तुम्ही तिले विचारायले काही ठेवलंच नाही," काका म्हणाले. "सगळं सांगून टाकलं."

मी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते असं : "काका, पुढच्या अंकात शुद्धिपत्रक देता येईल."

ते जोरात हसले. इतके, की गीज उडाले. "शुद्धिपत्रक! मी रविवारी चाललो, भाऊ."

मग हसू ओसरल्यावर त्यांनी पुन्हा ती दोन बोटं जुळवली. "तुमच्या कॉम्प्युटरात रिकामी जागा म्हणजे काहीच नसते. बटन दाबलं, गेली. आमच्याकडे ती शिशाची असे. दोन शब्दांत जागा सोडायची तर कोरा खिळा लावा लागे. दोन ओळींत सोडायची तर पट्टी. कवितेचं पान जुळवलं का अक्षरं थोडी न् कोरे खिळेच जास्त. उचलाले गद्याइतकंच जड." ते उठले. "मी जुळवताना एक कोरा खिळा कमी लावला तर मालक पान फेकून देत असे. नवं जुळव म्हणे."

मी तिथेच बसून राहिलो. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी मी ड्रॉवरमधून ते पान काढलं. बायकोला सगळं सांगितलं. ती फक्त म्हणाली, "मी येऊ का?" मी नको म्हटलं. दोन स्ट्रीटचं अंतर चालत गेलो. बेल वाजवायच्या आधी त्यांच्या दारात, सांगायला लाज वाटते, मी एकदा माघारी वळलो होतो.

मुलीने दार उघडलं. "या दादा. आम्ही दोन वाजता निघतोय." आत बुद्धाच्या मूर्तीसमोर मेणबत्ती तेवत होती. हॉलमध्ये दोन बॅगा, एक उघडी, बाजूला वजनकाटा. काका प्रवासाचा स्वेटर घालून सोफ्याच्या टोकाला बसले होते. 

मी सुरुवात केली. "त्याचं काय झालं, की अंकाची पानं चाराच्या पटीत असावी लागतात, आणि कवितांचा विभाग आधीच..."

"भाऊ," काका म्हणाले, "गद्यात सांगा."

 मी खिशातून ते पान काढून मुलीच्या हातात दिलं. "हे काकांनी दिलेलं मूळ आहे. तुम्ही हे वाचा."

ती उभी होती. वाचता वाचता बॅगेच्या कडेवर बसली. या वेळी तिला अर्ध्या मिनिटात वाचून झालं नाही. प्रत्येक ओळीच्या टोकाशी तिची नजर थांबत होती, मग पुढच्या ओळीवर उतरत होती. ओठ हलत होते. दुसऱ्यांदा ती ओळ आली आणि ती बाजू संपली तेव्हा तिने लगेच पान उलटलं नाही, हातात तसंच धरून ठेवलं. मग उलटलं. काका खाली फरशीकडे बघत होते. घरातला फ्रिज सुरू झाला आणि बंद झाला, तेवढा वेळ गेला.

शेवटची ओळ वाचल्यावर ती पानाकडे बघतच म्हणाली, "बाबा, चहा तुम्ही ॲसिडिटीमुळे सोडला असं सांगितलं होतंत."

"हो."

"ॲसिडिटी नव्हती ना?"

"नाही."

"बाबा, मंग?" ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिचं बोलणं इथलं झालं होतं. 'मंग' हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

काका उठायला लागले तर त्यांना उठवेना. तिने जाऊन त्यांचा दंड धरला आणि दोघं स्वयंपाकघरात गेली.

मी हॉलमध्ये उभा राहिलो. जावं की थांबावं कळत नव्हतं. आतून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बराच वेळ काकांचाच आवाज. मधे मधे तो थांबायचा, आणि त्या थांबण्यात ती काही बोलायची नाही, नुसती वाट बघायची हे मला बाहेर कळत होतं. एकदा ती रडली. एकदा, मला वाटतं, ती दोघं हसली. मी उघड्या बॅगेत बघत होतो. वरच टॉवेलमध्ये गुंडाळलेला दिवाळी अंक होता. माझा.

ती दोघं बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि तिचा हात वडिलांच्या दंडावरच होता. मला बघून ती थबकली.

"दादा, तुम्ही अजून इथेच?"

"त्याइचं काही राहिलं असन," काका म्हणाले.

राहिलं होतं. मनात मी ते घरापासून इथपर्यंत चालताना बरंच नटवलं होतं, त्यात माझे वडील होते, लाल पेन होतं, वेळेची घाई होती. त्यातलं एकही आता आठवलं नाही.

मी म्हणालो, "काका, ओळी मी जोडल्या. कॉम्प्युटरने नाही. तुमची ओळ तीनदा मी काढली आणि शेवटचं वाक्य मी घातलं, तुम्हाला न विचारता. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. ताई, तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा तुमच्याशीही खोटं बोललो. 'साधारण असंच' नव्हतं ते. तुमचे दोघांचे तीन आठवडे माझ्यामुळे गेले. माझी चूक झाली. मला माफ करा."